श्रवणयंत्राची जोडी: वापरतात हे, अभिप्राय माझा

मशीन ज्याच्या कानात, अभिप्रायही त्यानेच लिहावा, हे खरं. पण आमच्या ह्यांना कशाबद्दलही विचारलं तर उत्तर येतं, "ठीक आहे." एकतीस वर्षांच्या संसारात यापेक्षा लांब अभिप्राय मी त्यांच्याकडून ऐकलेला नाही, म्हणून हे काम माझ्या अंगावर आलं. शिवाय या मशीनचा परिणाम दोघांपैकी कुणावर जास्त झाला, हा प्रश्न आमच्या घरात अजून निकाली निघालेला नाही.

वस्तू काय आहे ते आधी सांगते. कानामागे बसणारी दोन यंत्रं, करंगळीच्या पेराएवढी. प्रत्येकातून केसासारखी बारीक तार निघून कानात जाते, तिच्या टोकाला इवलासा स्पीकर आणि त्यावर मऊ रबरी टोपी. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची. चालतं ते बटणासारख्या चपट्या सेलवर. वापर चौदा महिने. सकाळी तोंड धुतलं की चढतं, रात्री अंथरुणावर उतरतं. आंघोळीला जाताना काढायचं असतं. हे दोनदा विसरले, दोन्ही वेळा मशीन वाचलं. तिसऱ्यांदा त्याची परीक्षा घ्यायचा विचार नाही.

घ्यायची वेळ आली ती एका गाडीमुळे. मी आदल्या रात्री सांगितलं होतं, सातला निघायचं. सकाळी पावणेसातपासून मी दारात पिशव्या लावून उभी, आणि हे आरामात वर्तमानपत्र चाळतायत. मी काही बोलले नाही. बोलले नाही म्हणजे, आता बघू या ह्यांना स्वतःहून कधी कळतंय, अशा तऱ्हेने बोलले नाही. बायकांना ही तऱ्हा समजेल. आठला पाच मिनिटं असताना हे मनगटावर घड्याळ बांधत बाहेर आले आणि खुशीत म्हणाले, "बघ, आज वेळेच्या आधी तयार!" गाडी केव्हाच गेली होती. मी सात म्हणाले होते. ह्यांनी आठ ऐकलं होतं. त्या दिवशी दोघंही खरं बोलत होतो आणि दोघांनाही समोरचा खोटारडा वाटत होता.

मराठीची इथे मोठी गैरसोय आहे. कानाने ऐकणं आणि सांगितलेलं ऐकणं, दोन्हीला क्रियापद एकच. "कार्टं ऐकत नाही" म्हणणारी आई पोराला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही. "हे माझं ऐकत नाहीत" हे मी बहिणीला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, एकदा तर ह्यांच्यादेखत ह्यांच्या मित्राला सांगितलं. नऊ-दहा वर्षांत एकालाही, मला धरून, कानाची शंका आली नाही. सगळ्या जणी "आमचेही तसेच" म्हणून मोकळ्या झाल्या.

ह्यांची तक्रार वेगळी होती: "तू तोंडातल्या तोंडात बोलतेस." यात तथ्य होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. मी सव्वीस वर्षं ग्रंथालयात काढली. हळू बोलण्याचाच पगार घेतला म्हणा ना. आणि हे छापखान्यात, यंत्रांच्या धडधडाटात. दिवसभर जिथे ओरडल्याशिवाय भागत नाही तिथला माणूस आणि जिथे ओरडलं तर मेमो मिळतो तिथली बाई, संध्याकाळी एका घरात. लग्न ठरवताना याचा विचार कोण करतो?

माझ्याकडे पुरावा मात्र भक्कम होता. मित्राचा फोन आला की ह्यांना सगळं नीट ऐकू यायचं. बाहेर ट्रक मागे घेत असला तर पहिलं ह्यांनाच कळायचं. सकाळी ऐकू यायचं, संध्याकाळी यायचं नाही. चष्मा डोळ्यावर असला तर ऐकू यायचं, काढला की नाही. यावरून कोणीही शहाणी बाई काय निष्कर्ष काढेल? मी तोच काढला. सोयीचं बहिरेपण.

मग एके दिवशी मी एका कागदावर बोट ठेवून म्हटलं, "इथे सही करा." हे एकदम उसळले, "करतोय की घाई, आणखी किती घाई करू!" मी हसले. हेही हसले, पण जरा उशिरा, आणि तेव्हा पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

तपासणीबद्दल थोडं लिहिते, कारण मशीनइतकीच तीही उपयोगी पडली. बंद काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन, हातात बटण. बारीक शिट्टीसारखे आवाज येतात, ऐकू आला की बटण दाबायचं. मी काचेबाहेर. एक वेळ अशी आली की मलाही काचेतून बारीक आवाज येतोय असं वाटत होतं आणि हे बटण हातात धरून शांतपणे समोर बघत बसले होते. त्या बसण्यात कसलंही ढोंग नव्हतं. ढोंग करायचं तर आधी कळावं लागतं की आवाज झाला.

आलेख हातात आला. रेघ जितकी खाली, तितकं ऐकू कमी. जाड, खालच्या सुरांचे आवाज डावीकडे, बारीक, वरच्या सुरांचे उजवीकडे. डावीकडे ह्यांची रेघ जवळजवळ ठीक. १००० हर्ट्झच्या पुढे ती घसरगुंडीसारखी खाली, ४००० ला थेट साठ डेसिबलच्या पलीकडे. तपासणारी मुलगी आमच्या भाचीच्या वयाची. तिने दुसरा एक तक्ता काढला. त्यावर बोलण्यातले आवाज कोणत्या सुरात आणि किती जोरात असतात ते मांडलेलं होतं. त्या पट्ट्याचा आकार केळ्यासारखा दिसतो, म्हणून त्याला म्हणतातच 'स्पीच बनाना'. तिने त्यावर पेन ठेवलं आणि म्हणाली, "काका, तुम्हाला 'आ' ऐकू येतो, 'स' येत नाही."

स्वरांना जोर असतो आणि ते खालच्या सुरात असतात. स, श, फ, त, थ ही मंडळी वरच्या सुरातली आणि अशक्त. म्हणजे बोलण्याचा आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. म्हणून असा माणूस "मला ऐकू येत नाही" म्हणतच नाही, "लोक नीट बोलत नाहीत" म्हणतो. सातमधला 'स' काढा, शेवटचा 'त' पुसट करा, काय उरतं? आठ. मित्राचा घोगरा आवाज डावीकडच्या शाबूत भागात, माझा उजवीकडच्या घसरगुंडीवर. चष्मा लागायचा तो ओठ वाचायला, हे ह्यांनाही माहीत नव्हतं. आणि संध्याकाळी ऐकू न येण्याचं कारण असं की अर्धवट शब्द दिवसभर जुळवून जुळवून डोकं थकतं. माझे सगळे पुरावे एकेक करून तिने त्या कागदावर ह्यांच्या बाजूने फिरवले. वकील असती तर मी तिला फी दिली नसती.

कारण विचारलं तर म्हणाली, वय आणि छापखाना, दोन्ही. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ-आठ तास वर्षानुवर्षं काढले की कानातल्या सूक्ष्म केसपेशी मरतात, आणि त्या परत उगवत नाहीत. घरी येऊन मी वाचत बसले, ती सवय जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात आहे की जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमी-जास्त प्रमाणात ऐकू न येण्याचा त्रास आहे, म्हणजे पाचांत एक. आणि त्याच संघटनेच्या २००१ च्या अपंगत्वाबद्दलच्या वर्गीकरणात, जवळच्या माणसाच्या दुखण्यामुळे घरच्यांच्या वाट्याला जे येतं त्याला शब्द आहे, 'थर्ड पार्टी डिसॅबिलिटी'. विम्याच्या कागदातला वाटतो. पण निदान शब्द आहे. मी इतकी वर्षं त्याला स्वभाव म्हणत होते.

आता मशीन. पहिले पंधरा दिवस वाईट जातात, हे आधी सांगून ठेवते, कारण याच काळात लोक ते डबीत घालून कपाटात टाकतात. कागद चुरचुरतो, नळ कडकडतो, पिशवीचा आवाज सहन होत नाही, स्वतःचा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटतो. आमच्याकडे पहिल्या दिवशी दोन तास, मग चार, असं वाढवत नेलं. आवाजही एकदम पूर्ण दिला नाही, दर भेटीत थोडा थोडा वाढवला. हे मुद्दाम करतात. मेंदूला ते आवाज पुन्हा ओळखीचे व्हावे लागतात. तिसऱ्या दिवशी हे मला म्हणाले, "तू चपला घासत चालतेस." एकतीस वर्षांनी मिळालेली माहिती.

टीव्ही अडतीसवरून सतरावर आला. यासाठीच घेत असाल तर डोळे मिटून घ्या, पाचपैकी पाच.

तोटेही लिहिते. वाऱ्यात मशीन नुसतं घोंघावतं. चार माणसं एकदम बोलायला लागली की मशीन कितीही हुशार असलं तरी गोंधळतं. पुढचा आवाज जास्त आणि मागचा कमी घ्यायची सोय त्यात आहे, पण जेवायला दहा जण बसले की पुढे काय आणि मागे काय. कानातला मळ त्या स्पीकरच्या जाळीत अडकतो आणि मशीन मुकं होतं. जाळी बदलायची काडी मिळते, ती बदलायला नजर लागते, आणि ज्यांना हे मशीन लागतं त्यांची नजर कशी असते ते कंपनीने बघावं. ते काम माझं. सेलच्या पाठीवर तपकिरी चिकटपट्टी असते, ती सोलली की सेल हवा घेऊन जागा होतो, त्याला मिनिट-दोन मिनिटं तसंच ठेवून मग आत घालायचं. पट्टी परत चिकटवून उपयोग नाही, सेल एकदा जागा झाला की झाला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी एकदा कौतुकाने सगळे सहा सोलून ठेवले होते.

आणि शिट्टी. कानाजवळ हात नेला, उशी आली, दुसऱ्याचं डोकं आलं की बाहेर निसटलेला आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि मशीन शिट्टी मारतं. हे तांत्रिक वर्णन झालं. घरगुती वर्णन असं की एके रात्री, कशावरून तरी खूप हसून झाल्यावर, मी ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं, आणि पंचासारखी शिट्टी वाजली. हे म्हणाले, "फाउल." टोपीचं माप बदलून दिल्यावर शिट्टी बरीच कमी झाली. फाउल मात्र अजून म्हणतात.

मशीनबरोबर एक पान मिळालं होतं, ते ह्यांच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. त्याबद्दल कुठल्याच अभिप्रायात कोणी लिहिलेलं मी पाहिलं नाही, म्हणून मी लिहिते. दुसऱ्या खोलीतून बोलू नका. आधी हाक मारा, माणूस वळू द्या, मग बोला. ओरडू नका, ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात, आणि तोंड वेडंवाकडं झाल्यामुळे ओठही वाचता येत नाहीत. तेच वाक्य तीनदा म्हणू नका, दुसऱ्या शब्दांत सांगा. ह्यांच्यासाठी एकच ओळ: नुसतं "काय?" म्हणू नका, जेवढं कळलं तेवढं सांगा आणि राहिलेलं विचारा. "किती वाजता म्हणालीस?" असं.

वाचताना मी जरा चिडलेच. कान ह्यांचा आणि गृहपाठ मला. पण पाळून बघितलं तेव्हा लक्षात आलं की मी दिवसातून किती वाक्यं चालता चालता, पाठ फिरवून, दुसऱ्या खोलीत शिरता शिरता बोलते. ऐकणाऱ्याने धावत येऊन ती पकडावीत अशी. चांगल्या कानाचा माणूससुद्धा निम्मी सोडून देईल. सॅव्हिट्स्की, कीसार, एप्ली आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग छापला. नवरा-बायकोंना पाठीला पाठ लावलेल्या खुर्च्यांवर बसवून मोघम वाक्यं बोलायला लावली, सोबत अनोळखी माणसंही बसवली, आणि कुणाला अर्थ बरोबर कळतो ते पाहिलं. नवरा-बायकोंना खात्री होती की आपल्या माणसाला आपलं बरोबर कळणार. प्रत्यक्षात जोडीदार अनोळखी माणसांपेक्षा सरस ठरले नाहीत. आमच्या घरात हा प्रयोग बरीच वर्षं चालू होता, फक्त खुर्च्यांमध्ये भिंत होती.

पानावर शेवटची ओळ होती: "काही नाही, राहू दे" असं कधीही म्हणू नका. यावर मी थांबले. कारण आमच्या संसारातलं माझं सगळ्यांत जास्त वापरलेलं वाक्य तेच असावं. काहीतरी बोलायचं, त्यांनी "काय?" विचारायचं, पुन्हा बोलायचं, पुन्हा "काय?", आणि मग, "काही नाही, राहू दे." पलीकडच्याला वाटतं, एवढं काय होतं जे मला सांगण्यासारखं नव्हतं? आणि खरोखरच काही नव्हतं. आभाळ कसं भरून आलंय. समोरच्यांनी पडदे बदलले. अमक्याची मुलगी चालताना अगदी आजीसारखी दिसते. ओरडून सांगण्याच्या लायकीची नसलेली एकेक गोष्ट सांगायची बंद झाली, आणि बिलं, औषधं, किल्ल्या, वेळा तेवढ्या उरल्या. आम्ही भांडून अबोला धरलेला नव्हता. आमचं बोलणं चालूच होतं, एखाद्या कार्यालयासारखं.

जॉन गॉटमन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी नवपरिणीत जोडप्यांना बघितलं, सहा वर्षांनी पुन्हा गाठलं. जी टिकली होती त्यांच्यात एकाने असं काही किरकोळ बोललं तर दुसरा शंभरातले ८६ वेळा प्रतिसाद द्यायचा, जी मोडली त्यांच्यात ३३ वेळा. आमचा आकडा काढायचा तर प्रश्न असा, की जे ऐकूच गेलं नाही ते कोणत्या रकान्यात मांडायचं?

आता ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले ते.

मशीनमुळे सगळ्यांत मोठं नुकसान माझं झालं. माझं पुटपुटणं गेलं. ह्यांच्या मागे उभं राहून हळूच एखादं वाक्य टाकून द्यायचं, ही माझी वर्षानुवर्षांची सोय होती. भांडणही नाही आणि मनात ठेवल्याचा त्रासही नाही. ठरावीक वाक्यं होती, ठरावीक प्रसंगांना. ह्यांनी कशालाही "हं" म्हटलं की माझं वाक्य असायचं, "या 'हं'पायी एक नोकरी गेली माझी." कितीदा म्हटलं असेल, मोजलं नाही. त्याला कधी उत्तर आलं नाही, म्हणून ते जवळजवळ श्लोकासारखं झालं होतं.

मशीन आल्याच्या दुसऱ्या महिन्यात हे काहीतरी अर्ज भरत बसले होते. मी विचारलं, पंखा कमी करू का? "हं." मी सवयीने म्हटलं. हे वळले.

"कुठली नोकरी?"

सहा वर्षांपूर्वी मला दुसऱ्या शहरातल्या शाखेत मुख्य ग्रंथपाल म्हणून बोलावलं होतं. कळवायला आठवडा दिला होता. सातव्या दिवशी संध्याकाळी मी आत भांडी विसळत होते, हे बाहेरच्या खोलीत. मी तिथूनच सांगितलं, असं असं आहे, लांब पडेल, घर कोण बघणार, मग नाही म्हणून कळवून टाकू का? बाहेरून आलं, "हं." मी दुसऱ्या दिवशी नाही म्हणून कळवलं. माणसाने एक प्रश्नही विचारू नये, हे मी सहा वर्षं उगाळलं. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात लोक त्यांच्याबद्दल चांगलं बोलत होते तेव्हा टाळ्या वाजवता वाजवता उगाळलं.

"मला हे माहीतच नाही," हे म्हणाले.

माझा विश्वास बसला नाही. खरं सांगते, त्या क्षणी ते मशीन काढून खिडकीतून टाकावंसं वाटलं. हे काही माफी मागून मोकळे झाले नाहीत. मागितली असती तर मी आणखी चिडले असते. ते विचारत बसले: महिना कोणता, मी नेमका कुठे बसलो होतो, टीव्ही चालू होता का, नळ चालू होता का. छापखान्यात यंत्र बंद पडल्यावर करतात तसा पंचनामा. मी म्हटलं, नळाचं काय घेऊन बसलात! दोन दिवस आम्ही कार्यालयापुरतंही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी सेल बदलत होते, मशीन माझ्या हातात होतं, म्हणजे त्यांना फारसं ऐकू येत नव्हतं, आणि तेव्हाच ते बोलले. "त्या दिवसांत मी सगळ्यांनाच 'हं' म्हणायचो. कामावरपण. तिसऱ्यांदा 'काय' विचारायची लाज वाटायची."

मी काही बोलले तर त्यांना ऐकू आलं नसतं. सेल जागा व्हायला मिनिटभर लागतं. तेवढा वेळ आम्ही तसेच बसलो.

पुढच्या भेटीत मी त्या मुलीला बाजूला घेऊन विचारलं, सहा वर्षांपूर्वी, शेजारच्या खोलीतून, नळ चालू असताना, ह्यांना ऐकू आलं असतं का? ती म्हणाली, "काकू, तेव्हाचा आलेख असता तर सांगितलं असतं. आजच्यावरून मागचं काढता येत नाही. पण नळ चालू असताना शेजारच्या खोलीतून मलाही आलं नसतं." वाक्याचा दुसरा भाग तिने सहज टाकला होता. तो माझ्या मागे लागला. आयुष्यातला एवढा मोठा प्रश्न, आठवडाभर हातात असताना, मी सातव्या दिवशी भांडी विसळताना भिंतीपलीकडे का टाकला? समोर बसून विचारलं असतं तर ते "जा" म्हणतील याची भीती होती, की "नको जाऊस" म्हणतील याची, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. "हं" मला सोयीचा पडला असावा. त्यात हवं ते ऐकता येतं. माझे कान तर उत्तम आहेत, मीही तपासून घेतले.

तेव्हा एकूण अभिप्राय. ऐकू येण्यासाठी, पाचपैकी साडेचार, अर्धा वाऱ्याचा आणि जाळीचा कापला. घरात शांतता राहील या अपेक्षेने घेत असाल तर घेऊ नका. आमच्याकडे वाद वाढले. पूर्वी वाद सुरू व्हायच्या आतच "राहू दे"मध्ये संपायचे, आता शेवटपर्यंत जातात. हे माझ्या बोलण्यातल्या चुका काढतात, "हे तू मंगळवारी वेगळं सांगितलं होतंस" म्हणतात. मंगळवारचं बोलणं शनिवारी लक्षात असलेला नवरा सांभाळायची सवय मला नव्हती. मधूनच जुना "हं" येतो. तेव्हा मी जागेवरून उठते, समोर जाऊन उभी राहते आणि विचारते, "ऐकू आलेला की न आलेला?" निम्म्या वेळा ऐकू आलेला असतो. त्याला मशीनचा इलाज नाही, आणि तक्रारही मी कंपनीकडे करणार नाही.

सेलबद्दल एक राहिलं. विकणाऱ्याने सहा-सात दिवस जाईल असं सांगितलं होतं आणि सुरुवातीला तसा तो जायचाही. हे तेव्हा साडेनऊलाच मशीन काढून डबीत ठेवायचे. हल्ली काढायच्या आधी हात कानाशी नेऊन विचारतात, "काढू का? काही राहिलंय?" तर मला नेमकं तेव्हाच काहीतरी आठवतं. समोरच्यांचे पडदे वगैरे. त्यामुळे सेल पाच दिवसांत संपतो. घेणाऱ्यांनी हिशोब पाच दिवसांचाच धरावा.